फ्लेमिश चित्रांतली आई आणि बाळ : प्रतीकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चित्रं नेमकी कुठली आणि कधीची?

साधारण १४२० ते १५२० या शंभर वर्षांतली, आणि आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज, गेंट, ब्रसेल्स, तूर्ने या शहरांतली. तेव्हा यातला बराचसा मुलूख बर्गंडीच्या ड्यूकांकडे होता. कापडाच्या धंद्यावर शहरं गब्बर झाली होती आणि चित्रं विकत घेण्याची ऐपत दरबाराबाहेरच्या लोकांतही आली होती. ‘फ्लेमिश’ हे नाव आपण सोयीसाठी वापरतो. तूर्ने फ्लँडर्समध्ये नव्हतं आणि हान्स मेमलिंग तर जर्मनीतल्या झेलिगेनश्टाटचा. या पानावर पुन्हापुन्हा येणारी नावं अशी : रॉबर्ट कॅम्पिन, यान व्हान आइक, रोगिर व्हान डर वेडन, पेत्रुस क्रिस्तुस, ह्यूगो व्हान डर गूस, मेमलिंग आणि शेवटी गेरार्ड डाविड.

एवढी प्रतीकं कशासाठी? मरिया आणि येशूचं देवत्व सरळ दाखवता आलं नसतं का?

आधीच्या पिढ्या सरळच दाखवत होत्या. पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख, डोक्यामागे तेजोवलय. बघणाऱ्याला कळायचं की ही चारचौघींसारखी बाई नाही. मग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला या चित्रकारांचा हात तैलरंगावर असा काही बसला की लोकर लोकरीसारखी आणि पितळ पितळेसारखं दिसू लागलं. (तैलरंगाचा शोध व्हान आइकने लावला ही इटलीतल्या वाझारी या कलाकारांच्या चरित्रकाराने सोळाव्या शतकात पसरवलेली गोष्ट खरी नाही. तेलात रंग कालवण्याची पद्धत आधीपासून होती. व्हान आइकने ती कुठल्या कुठे नेली.) एकदा खोली खरी दिसू लागली, की त्या खोलीत बाईच्या डोक्यामागे सोन्याचं तबक टांगणं विचित्र वाटायला लागतं.

यावरची सगळ्यात चतुर तोड लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कॅम्पिनच्या परंपरेतल्या, साधारण १४४० च्या या चित्रात मरिया शेकोटीसमोर बसून बाळाला पाजायला घेते आहे. तिच्या मागे विणलेला गोल पडदा आहे, विस्तवाची धग थेट अंगावर येऊ नये म्हणून लावतात तसा. तो नेमका तिच्या डोक्यामागे येतो. वस्तू घरातली आणि काम तेजोवलयाचं. त्याच्या वरच्या कडेशी आगीच्या जिभाही दिसतात.

पुढे अनेक प्रश्नांना लागू पडेल अशी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. चित्रातली वस्तू आधी वस्तू असते. ती तिथे का आहे, कुणाच्या घरात किंवा कुठल्या वेदीवर हे चित्र लागायचं, त्यापुढे कोण काय म्हणून प्रार्थना करायचं, हे पाहिल्यावर तिचा दुसरा अर्थ उलगडतो. आधी कोश उघडून मग चित्र पाहिलं की गल्लत होते.

एखादं चित्र घेऊन वस्तूवार सांगाल का?

फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयातलं व्हान आइकचं चित्र घेऊ, साधारण १४३७ चं. एकोणिसाव्या शतकात ते लुक्काच्या ड्यूककडे होतं म्हणून त्याला ‘लुक्का मॅडोना’ म्हणतात. (मॅडोना म्हणजे मरियाच.) अरुंद खोली, मधोमध आसन, त्यावर लाल झग्यातली मरिया. मांडीवर बाळ, दूध पितं आहे.

आसनावर पितळेचे छोटे सिंह आहेत. बायबलमध्ये राजा शलमोनाच्या सिंहासनाचं वर्णन येतं : हस्तिदंताचं, सोन्याने मढवलेलं, हातांशी सिंह आणि पायऱ्यांवर बारा सिंह. शलमोन म्हणजे शहाणपणाचा राजा. मध्ययुगीन धर्मपंडितांनी पुढची पायरी गाठली. येशू हेच देवाचं शहाणपण. तो जिच्या मांडीवर बसतो ती मरिया म्हणजे शहाणपणाचं सिंहासन. म्हणजे इथे सिंहासनात सिंहासन आहे. लाकडाच्या आसनावर मरिया बसली आहे आणि मरियेवर बाळ.

आता बाळाच्या खाली पाहा. तो थेट झग्यावर बसलेला नाही, मध्ये पांढरं कापड आहे. व्यवहारात याचं कारण कुठल्याही आईला विचारा, ती हसून सांगेल. पण हे चित्र ज्यांनी पाहिलं ते मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारे लोक होते. वेदीवर पांढरं कापड अंथरून त्यावर ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर ठेवली जाते, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं. आईची मांडी इथे वेदी झाली आहे. उजव्या बाजूच्या कोनाड्यात पाण्याची काचेची सुरई, खाली एक घंगाळं आणि मेणबत्ती नसलेली समई आहे. पुरोहित मिस्सेच्या वेळी हात धुतो त्या सामानासारखंच हे सामान दिसतं. डावीकडे खिडकीच्या कट्ट्यावर फळं ठेवली आहेत आणि बाळाच्या हातातही एक फळ आहे; त्याबद्दल पुढे.

एवढं सगळं असूनही चित्र गजबजलेलं वाटत नाही. खोलीत एखाद्या नीटनेटक्या ब्रूजकराच्या घरात असणारच नाही अशी वस्तू जवळजवळ नाही, सिंहांचा अपवाद सोडला तर.

मरिया नेहमी निळ्याच वस्त्रात असते ना?

नाही. वर सांगितलेल्या चित्रात ती नखशिखांत लाल आहे. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातल्या ‘चॅन्सेलर रोलँच्या मॅडोना’तही, ब्रूजच्या ‘कॅनन (धर्मगुरू) व्हान डर पाले’च्या चित्रातही (१४३६) लालच. आपल्या डोक्यात बसलेली निळी मरिया बऱ्याच अंशी नंतरच्या छापील तसबिरींची देणगी आहे.

दोन्ही रंगांमागे श्रद्धेइतकाच पैसा होता. उत्तम निळा लाजवर्दाच्या दगडापासून व्हायचा आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. (अजिंठ्याच्या भिंतींवरचा निळाही लाजवर्दाचाच आहे, व्हान आइकच्या जवळजवळ हजार वर्षं आधीचा.) करारपत्रांत निळा कुठल्या प्रतीचा वापरायचा हे कधीकधी लिहून घेत, कारण अझुराइटचा स्वस्त निळाही बाजारात होता. लाल रंगाचं असं, की कीटकांपासून काढलेल्या किरमिजी रंगात रंगवलेली उंची लोकर हे फ्लँडर्समधलं श्रीमंतीचं शिखर. स्वर्गाच्या राणीला तिथल्या विणकरांच्या देशात याहून भारी काय नेसवणार? लाल रंगावर पुढच्या रक्ताची छाया आहे असं धर्माभ्यासक सांगतात. असेलही. मला मात्र आधी ती लोकर दिसते.

बाळाच्या हातात कधी सफरचंद, कधी द्राक्षं, कधी चेरी असतात. यांत फरक आहे?

आहे, पण सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात.

सफरचंद सरळ आहे. एदेन बागेत हव्वेने फळ घेतलं आणि माणूस पापात पडला. इथे नवी हव्वा म्हणजे मरिया तेच फळ नव्या आदामाला, म्हणजे येशूला, देते आहे आणि तो ते हाती घेतो, म्हणजे पापाचं देणं स्वतःच्या अंगावर घेतो. मेमलिंगने १४८७ मध्ये ब्रूजच्या मार्टिन व्हान निव्हेनहोव्हेसाठी केलेल्या जोडचित्रात मरिया असं सफरचंद पुढे करते आणि बाळ हात लांबवतं. व्हान डर वेडनच्या ‘मरियेचं चित्र काढणारा संत लूक’ या बोस्टनमधल्या चित्रात ती बाळाला पाजते आहे आणि आसनाच्या हातावर आदाम-हव्वा कोरलेले आहेत. हाही त्याच युक्तिवादाचा भाग.

द्राक्षांतून मिस्सेतला द्राक्षारस येतो आणि द्राक्षारसातून रक्त. चेरी स्वर्गातली फळं समजली जात. पण त्यांचा लाल रंगही नजरेतून सुटत नाही. स्ट्रॉबेरी दिसली तर महाबळेश्वरची टपोरी डोळ्यांपुढे आणू नका. ती जात अठराव्या शतकात अमेरिकन वाणांच्या संकरातून झाली. चित्रातली स्ट्रॉबेरी रानटी, करंगळीच्या नखाएवढी. तिला काटे नाहीत, कवच नाही, फूल आणि फळ एकाच वेळी धरतं म्हणून ती मरियेची, आणि पानं तीन-तीनची म्हणून त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा).

या चित्रांचं खरं मर्म मला इथे दिसतं. बाळाला खेळायला जे जे दिलं जातं ते बहुधा त्याच्या मरणाकडे बोट दाखवतं. आईच्या चेहऱ्यावरची ती थोडी खाली गेलेली, हसू नसलेली नजर म्हणूनच आहे. बघणाऱ्याला शेवट माहीत होता, आणि चित्रकार धरून चालतो की तिलाही तो माहीत आहे.

फुलांचे अर्थ ठरलेले होते का?

काहींचे बऱ्यापैकी. पांढरी लिली म्हणजे निष्कलंकता. बिनकाट्याचा गुलाब म्हणजे मरिया. व्हायोलेट जमिनीलगत फुलतं म्हणून विनम्रता. आयरिसची पानं तलवारीसारखी. बायबलमध्ये मंदिरात म्हातारा शिमोन मरियेला सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातूनही तलवार भोसकून जाईल, त्याची ती खूण. कार्नेशनला लवंगेचा वास येतो, लवंग दिसते खिळ्यासारखी, आणि तिकडच्या भाषेत दोन्हींना खिळ्यावरूनच नाव. म्हणून कार्नेशन म्हणजे क्रूसाचे खिळे.

पण अशी यादी पाठ करून चित्रापुढे उभं राहिलात तर ह्यूगो व्हान डर गूस तुम्हाला फसवेल. त्याचं ‘पोर्तिनारी वेदीचित्र’ (साधारण १४७५) आज फ्लॉरेन्सच्या उफीत्सीत आहे. प्रसंग येशूजन्माचा. बाळ नागडं, उघड्या जमिनीवर. भोवती मरिया, देवदूत, मेंढपाळ. अगदी पुढे, आपल्या पायांशी, दोन भांड्यांत फुलं आहेत. मातीच्या रंगीत बरणीत लालसर लिली आणि आयरिस, काचेच्या पेल्यात कोलंबाइन आणि कार्नेशन. जमिनीवर व्हायोलेट विखुरलेली. मागे गव्हाची पेंढी. पेंढी म्हणजे भाकर, आणि बेथलेहेम या गावाच्या नावाचा अर्थच भाकरीचं घर. इथवर ठीक.

आता ती बरणी. ती औषधविक्याची बरणी आहे, असल्या बरण्यांत मलमं आणि अर्क ठेवत. आणि हे चित्र गेलं कुठे? मेडिची बँकेचा ब्रूजमधला कारभारी तोम्माझो पोर्तिनारी याने ते फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयाच्या चर्चसाठी करवून घेतलं. १४८३ मध्ये ते समुद्रमार्गे तिथे पोचलं. तिथल्या आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना औषधाच्या बरणीतली फुलं काय सांगत असतील हे फुलांच्या कोशात सापडणार नाही. दुःखाची फुलं आणि औषधाचं भांडं एकत्र आलं, की ‘हे बाळच औषध आहे’ असं वाक्य तयार होतं.

आणि पोपट? तो कुठून आला?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारायलाच हवा. ‘कॅनन व्हान डर पाले’च्या चित्रात बाळाजवळ चक्क हिरवा पोपट आहे.

पोपट बोलतो. पूर्वेकडून आलेल्या या पक्ष्याला उपजतच ‘आवे’ म्हणता येतं अशी जुनी समजूत होती. ‘आवे’ म्हणजे देवदूत गब्रिएलने मरियेला केलेला नमस्कार. त्या शब्दासरशी तिला गर्भ राहिला. शिवाय ‘आवे’ (Ave) उलटं वाचलं की ‘एवा’ (Eva), म्हणजे हव्वा. पापाची दिशा उलटली. फ्रान्झ फॉन रेत्झ नावाच्या डोमिनिकन पंथाच्या पंडिताने तर यावर रोखठोक युक्तिवाद मांडला : पोपटासारखा पक्षी ‘आवे’ म्हणू शकतो, तर कुमारिकेला ‘आवे’ या शब्दाने दिवस का जाऊ शकणार नाहीत? तर्क म्हणून तो कितपत टिकतो हे वाचकांनीच ठरवावं. पण १४३६ च्या ब्रूजमध्ये शिकल्या-सवरल्या धर्मगुरूला हे माहीत असणं स्वाभाविक होतं, आणि हे चित्र अशाच एका धर्मगुरूने मागवलं होतं. पोपट महागही होता. मिरवायला आणि सिद्धान्त सांगायला एकच पक्षी पुरला.

काच, आरसा, खिडकीतून येणारा उजेड यांवर एवढा भर का?

सूर्यकिरण काचेतून आरपार जातो आणि काच फुटत नाही. तसाच देव मरियेच्या उदरी आला आणि तिचं कौमार्य अभंग राहिलं. ही उपमा मध्ययुगीन स्तोत्रांत आणि प्रवचनांत इतकी रुळलेली होती की काचेच्या सुरईत उजेड खेळताना दिसला की ती आठवणारच.

व्हान आइकने ती सगळ्यात लांबवर नेली बर्लिनमधल्या ‘चर्चमधली मॅडोना’ या चित्रात. आकार अवघा ३१ बाय १४ सेंटिमीटर. उंच गॉथिक चर्चच्या मधोमध मरिया उभी आहे, आणि ती राक्षसी मोठी आहे. डोकं वरच्या सज्जाच्या पातळीला पोचतं. प्रमाण चुकलं असं कुणाला वाटेल, पण हाच माणूस फरशीवर पडलेले उन्हाचे दोन ठिपके इतक्या अचूकपणे रंगवतो, त्याला उंचीचा अंदाज नव्हता असं म्हणवत नाही. मरिया चर्चमध्ये उभी नाही; मरिया म्हणजेच चर्च.

आणि ते ऊन. जुनी चर्च पूर्वाभिमुख असतात, वेदी पूर्वेला. आपण वेदीकडे तोंड करून पाहतो आहोत आणि ऊन डावीकडून, म्हणजे उत्तरेकडून येतं आहे. फ्लँडर्समध्ये उत्तरेकडून ऊन येत नाही. कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्कीने यावरून म्हटलं की हा सूर्याचा उजेडच नव्हे. मरियेच्या वस्त्राच्या काठावर बायबलमधल्या एका वचनाचे शब्द आहेत, ती सूर्याहून सुंदर आहे असं सांगणारे. ते शब्द याला दुजोरा देतात. चित्राच्या मूळ फ्रेमवर लॅटिन स्तोत्र होतं. १८७७ मध्ये चित्र चोरीला गेलं, थोड्याच दिवसांत परत मिळालं, फ्रेम मात्र मिळाली नाही.

आरशाचं म्हणाल तर ‘निष्कलंक आरसा’ ही मरियेची उपाधीच आहे. मेमलिंगच्या निव्हेनहोव्हे जोडचित्रात तिच्या मागे भिंतीवर गोल बहिर्वक्र आरसा आहे. डाव्या फळीवर मरिया आणि बाळ, उजव्या फळीवर हात जोडलेला तेवीस वर्षांचा मार्टिन; मध्ये बिजागरी. पण आरशात दोघांचं प्रतिबिंब शेजारी-शेजारी दिसतं, म्हणजे ती दोघं एकाच खोलीत आहेत. सद्गुणाचं प्रतीक इथे साक्षीदाराचं काम करतं. श्रीमंत तरुणाने याहून मोठं काय विकत घेतलं असतं?

बंदिस्त बाग आणि कारंजं म्हणजे काय?

बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या पुस्तकातल्या ओळी : माझी वधू ही बंद बाग आहे, शिक्का मारून बंद केलेला झरा आहे. कौमार्याची ही प्रतिमा मरियेला लागू केली. अँटवर्पमधल्या व्हान आइकच्या छोट्याशा ‘कारंज्याजवळच्या मॅडोना’त (१४३९, १९ बाय १२ सेंटिमीटर) हे दोन्ही आहे. बाळाच्या हातातली पोवळ्याची माळ जपमाळही आहे आणि दृष्ट लागू नये म्हणून लहानग्यांना घालत ती पोवळीही. ही समजूत युरोपभर होती.

उंदराचा सापळा खरंच धार्मिक प्रतीक आहे?

मला वाटतं, हो. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातल्या ‘मेरोद वेदीचित्रा’त (कॅम्पिनची कार्यशाळा, साधारण १४२७-३२) मधल्या फळीवर देवदूत मरियेकडे आला आहे, खिडकीतून किरणांवरून एक इवलंसं बाळ खांद्यावर क्रूस घेऊन खाली येतं आहे आणि मेणबत्ती नुकतीच विझली आहे. उजव्या फळीवर योसेफ आपल्या सुतारशाळेत बसलेला. त्याच्या टेबलावर एक उंदराचा सापळा आणि दुसरा बाहेर रस्त्याच्या बाजूला, विकायला मांडलेला.

कलेतिहासकार मेयर शापिरोने १९४५ मध्ये दाखवून दिलं की संत ऑगस्टिनच्या प्रवचनात ख्रिस्ताचा क्रूस हा सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा, अशी उपमा आहे. आमिष काय, तर देवाचं मानवी शरीर. सैतान भुलला आणि अडकला. शेजारच्या खोलीत ते आमिष नुकतंच खिडकीतून येतं आहे आणि इकडे म्हातारा सुतार काही न कळता सापळे करतो आहे. हा विनोद आहे, आणि तो खूप गंभीरपणे केलेला आहे. योसेफ भोकं पाडतो आहे ती फळी मात्र कशाची, यावर अभ्यासकांनी कितीतरी उत्तरं दिली आहेत आणि एकमत झालेलं नाही. ती पायशेगडीचं झाकणही असू शकते.

पॅनॉफ्स्कीचं म्हणणं सगळं मान्य करायचं का?

नाही, आणि त्याच्या नंतरच्या पिढीने केलंही नाही. त्याची कल्पना अशी की या चित्रांत रोजच्या वस्तूंच्या वेषात धर्मसिद्धान्त लपवलेले आहेत. व्हान आइकच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रावरच्या १९३४ च्या लेखापासून १९५३ च्या मोठ्या ग्रंथापर्यंत त्याने ती मांडली. अडचण उघड आहे. वस्तू जितकी साधी तितकी ती लपवलेलं प्रतीक, असं एकदा मानलं की थांबायचं कुठे? मग प्रत्येक टॉवेल कौमार्य आणि प्रत्येक सपाता पवित्र भूमी. १९८० च्या दशकात क्रेग हार्बिसन, यान बाप्टिस्ट बेडो, जेम्स मॅरो यांनी वेगवेगळ्या बाजूंनी हीच शंका घेतली. मॅरोचा मुद्दा मला सगळ्यात पटतो : चित्राचा अर्थ काय यापेक्षा चित्र बघणाऱ्याकडून काय करवून घेतं ते विचारा. त्याला गुडघे टेकायला लावतं, कणव वाटायला लावतं, प्रसंगात ओढून घेतं.

शिवाय ‘लपवलेलं’ हा शब्दही तितकासा बरोबर नाही. ही स्तोत्रं लोक रोज म्हणत होते. जे रोज ओठांवर आहे ते लपवणार कुणापासून? आपल्याला ते शोधावं लागतं, कारण आपण ती स्तोत्रं म्हणत नाही.

एक इशारा फार उपयोगाचा. वर सांगितलेल्या शेकोटीच्या चित्रात उजवीकडे कपाटावर मिस्सेचा प्याला होता म्हणून अनेकांनी त्यातून संस्काराचा मोठा अर्थ काढला. पुढे तपासणीत निघालं की उजवीकडची ती पट्टी, कपाट आणि प्याल्यासकट, एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी जोडलेली आहे. दुरुस्ती करणाऱ्याने प्याला का रंगवला असेल? कारण त्याला वाटलं, अशा चित्रात असं काहीतरी असायला हवं.

समोर गुडघे टेकून बसलेली माणसं कोण?

पैसे देणारी. त्यांच्याभोवतीची प्रतीकं बहुधा सगळ्यात बोलकी असतात. बर्गंडीचा चॅन्सेलर निकोला रोलँ हा ड्यूक फिलिप द गुडच्या कारभारातला सगळ्यात वजनदार माणूस. गडगंज आणि त्यामुळे बदनामही. लुव्रमधल्या चित्रात तो थेट मरियेसमोर बसला आहे, मधे रदबदली करायला एकही संत नाही. पण त्याच्या डोक्यावरच्या कोरीव कामात पाहा : आदाम-हव्वेची हकालपट्टी, काइन आणि त्याने मारलेला भाऊ हाबेल, दारू पिऊन पडलेला नोहा. त्याच्या बाजूला पापांची यादी, मरियेच्या बाजूला तिच्यावर मुकुट धरणारा देवदूत, आणि मागच्या बागेत लिली, आयरिस, गुलाब, मोर. अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत असंही दिसलं की रंगाखालच्या रेखाटनात रोलँच्या कमरेला पैशांची थैली होती. रंगवताना ती गेली. कुणी कुणाला काय सांगितलं असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं.

व्हान डर पालेने मात्र स्वतःचं वय झाकलेलं नाही. सुजलेल्या शिरा, सुरकुत्या, हातात चष्मा आणि पुस्तक. संत जॉर्ज शिरस्त्राण उचलून त्याची ओळख करून देतो आहे आणि त्याच्या चिलखतात सगळी खोली उमटली आहे.

पेत्रुस क्रिस्तुसची ‘वाळक्या झाडातली मॅडोना’ फार विचित्र वाटते. ती काय आहे?

माद्रिदच्या तिसेन संग्रहालयातली, तळहाताएवढी फळी. काळोखात काटेरी वाळकं झाड, फांद्यांच्या कड्यात मरिया-बाळ आणि फांद्यांना लटकणारी पंधरा सोनेरी ‘a’ अक्षरं, ‘आवे मारिया’ (Ave Maria) या प्रार्थनेतली. ब्रूजमध्ये ‘वाळक्या झाडाची मरिया’ या नावाचं एक भक्तमंडळ होतं, शहरातली बडी मंडळी त्यात होती, आणि क्रिस्तुस व त्याची बायको दोघं सदस्य होती. एदेनमधला ज्ञानवृक्ष पापाने वाळला आणि मरियेमुळे त्याला पुन्हा पालवी फुटली, ही कल्पना त्यामागे आहे. कड्याचा आकार काट्यांच्या मुकुटाचाही आहे. इथे रोजचं घर नाही, सामान नाही. प्रतीक उघड्यावर येऊन उभं आहे. सगळे फ्लेमिश चित्रकार अर्थ वस्तूंत दडवत होते, या समजाला हे चित्र सरळ छेद देतं.

भारताशी याचा काही संबंध?

पंधराव्या शतकातली ही चित्रं इकडे आली नाहीत. पण ती परंपरा पुढे छापील चित्रांत उतरली आणि ती आली, गोव्यामार्गे. गोव्याहून निघालेले जेझुइट पंथाचे धर्मगुरू रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे सोबती १५८० मध्ये फत्तेपूर सीक्रीला अकबराकडे पोचले. त्यांनी दिलेल्या भेटींत अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातलं आठ खंडांचं बहुभाषी बायबल होतं, कोरीव मुखपृष्ठचित्रांसह. मुघल चित्रकारांनी अशी युरोपीय चित्रं झपाट्याने गिरवली, बदलली आणि आपलीशी केली. मरिया-बाळ हा त्यांचा आवडता विषय झाला. प्रतीकांचा धर्मार्थ त्या प्रवासात किती टिकला हा वेगळा विषय आहे.

गेरार्ड डाविडच्या ‘दुधाच्या सुपा’च्या चित्रात प्रतीक शोधायचं का?

शोधा, पण हळू. आई वाटीतलं भरवते आहे, बाळाच्या हातात लाकडी चमचा, टेबलावर पाव आणि सुरी. पाव मिस्सेचा म्हणता येईल. पण या चित्राच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, कारण लोकांना घरात लावायला ते आवडलं. १५१५ नंतर बाजार असाच सरकत होता.

प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

ब्रूजला एका दिवसात व्हान डर पालेचं चित्र (ग्रुनिंग संग्रहालय) आणि मेमलिंगचं जोडचित्र (सेंट जॉन रुग्णालय संग्रहालय) होतं. अँटवर्प, बर्लिन, फ्रँकफर्ट, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, माद्रिद, फ्लॉरेन्स यांचे पत्ते वर आलेच आहेत. जाणं जमत नसेल तर ‘क्लोजर टू व्हान आइक’ या संकेतस्थळावर त्याच्या चित्रांची फार बारीक छायाचित्रं फुकट पाहता येतात. संत जॉर्जच्या चिलखतात चित्रकार स्वतः सापडतो का ते तिथे शोधा. आणि संग्रहालयात गेलात तर फ्रेमही वाचा. व्हान आइकची सही, तारीख आणि ‘मला जमेल तसं’ हे त्याचं बोधवाक्य बहुधा तिथेच असतं.